चौऱ्याऐंशीवा दिवस

—पायाला नको, पायाला नको हात लावूस! खुब्याचं ऑपरेशन झालंय माझं, दिवाळीत बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून कुणी जवळ वाकलं तरी धसका बसतो — हं, लांबूनच कर, पोचला नमस्कार. बस तिथे, वेताच्या खुर्चीवर. सीमंतिनीच ना? आवाजावरून ओळखलं मी, तोंडावरून नसतं ओळखलं बाई. डोकं पार पांढरं, आणि रंगवतही नाहीस. पंचवीस वर्षं झाली असतील, नाही? चोवीस. बरं, चोवीस. दार उघडंच होतं? हे विजयाबाईचं काम — माझ्याकडे असते ना, ती — पडावाला गेलीय, स्टेशनाकडे, बहीण येतेय तिची गाडीने, तिला आणायला. मतलब चहा नाही. तू कर म्हटलं असतं, पण तुझे हात — अजून थरथरतात का ग? डबा टेबलावर ठेवलास तर झाकण केवढं वाजलं! मग शाळेत फळ्यावर कशी लिहितेस? मुली हसत नाहीत? हसत असतील. मागच्या बाकावरच्या हसतातच.

पेढे कशाचे पण? अश्लेषा — कोण अश्लेषा? तुझी मुलगी! पी.एच.डी.ला नंबर लागला, पुण्याला, आणि विषय — काय सांगतेस — डांग्या खोकला! अरे वा. आईच्या वाटेवर. म्हणजे वाट कसली, तुझी वाट तर आमच्या संस्थेच्या फाटकाशीच संपली, पण असो, पोरीला हौस आहे तर करू दे. आणि हे माझ्या आशीर्वादाने? तू अजून तश्शीच आहेस बघ! चिठ्ठी दिली होती मी तुला शाळेसाठी, ती गोष्ट खरी, मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या होत्या म्हणून लागलीस, नाहीतर अर्धवट सोडलेल्या पी.एच.डी.ला कोण उभं करतं? पण त्याचे पेढे चोवीस वर्षांनी? तुझे वडीलही असेच. दौलतगंजातून पायी यायचे आमच्याकडे रुद्राला, आई दक्षिणेबरोबर जुनं धोतर द्यायची, ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचे. मी लहान होते, मला हसू यायचं. पुढे त्याच भटजींची मुलगी माझ्या हाताखाली संशोधनाला आली तेव्हा आई म्हणाली होती, वनमाले, सांभाळून घे, गरिबाची आहे. घेतलं की सांभाळून.

काय काढतेस पिशवीतून? कागद... चष्मा दे तो, खिडकीत आहे. हं. हा तर माझा पेपर! कुठून मिळाला? अश्लेषाच्या गाइडने दिला वाचायला — बघ, पुण्यात अजून वाचतात वनमालाबाईंना. आणि हे लाल पेनने कुणी अधोरेखित केलंय? पोरीने? काय विचारतेय ती? 'आई, हाच ना तुझा विषय?' हा. तुझाही होता. शाळेत बेडकाचं जीवनचक्र शिकवून शिकवून विसरली असशील, सांगते. हिस्टामिन आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं, गांधीलमाशी चावली की गांध उठते ती त्याच्यानेच. उंदीर म्हणजे त्या बाबतीत मोठा चिवट जीव, ढीगभर हिस्टामिन टोचा, घटकाभर कान पाडून बसेल आणि उठून दाणे खायला लागेल. पण त्याच उंदराला आधी डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू टोचा, चार दिवस थांबा, आणि मग त्याचा शंभरावा हिस्सा हिस्टामिन द्या — अर्ध्या तासात खलास. नाकाचं टोक निळं पडतं, मागचे पाय पसरतो, झालं. जंतूंनी तो मरत नाही, हिस्टामिननेही मरत नाही एरवी, पण एकाने अंग असं हळवं करून ठेवलेलं असतं की दुसऱ्याचं नुसतं निमित्त पुरतं. एवढं जगाला माहीतच होतं. प्रश्न होता तो हा, की हा हळवेपणा टिकतो किती दिवस. आणि मी माझ्या पुस्तकात लिहिलं होतं: तीन आठवडे. तीन आठवड्यांनी उंदीर पूर्ववत. पाठ्यपुस्तकांत माझ्या नावाने छापलं जायचं ते वाक्य, विद्यार्थी पाठ करायचे.

आणि तू आलीस माझ्या टेबलाशी, वही छातीशी धरून, आणि म्हणालीस — मॅडम, चौऱ्याऐंशीव्या दिवशीही मरतायत.

आठवतंय ना? मला तर तुझ्या साडीसकट आठवतंय. घाबरली होतीस. मोठा शोध लागला म्हणून नाही, मॅडमचं वाक्य खोटं पडतंय म्हणून. मी काय म्हटलं? शांतपणे म्हटलं, छान, परीक्षकांसमोर करून दाखव. दिल्लीहून दोघं आले होते, श्रावण होता, उकाडा काय तो! दोन गट केलेस. अठरा उंदीर चार दिवसांपूर्वी जंतू टोचलेले, अठरा बारा आठवड्यांपूर्वीचे. सगळ्यांना एकाच शुक्रवारी हिस्टामिन. चार दिवसांवाले पटापट गेले, एक सोडून सगळे. आणि तुझे ते बारा आठवड्यांवाले — बसले मिशा पुसत! पाऊण तास झाला, तास झाला, परीक्षक घड्याळाकडे बघतायत, त्यातला एक जाडा होता तो जांभया देतोय, आणि तू पिंजऱ्यावर वाकून बघतेस, जणू त्यांना म्हणतेस, अरे मरा ना रे. मला अजून दिसतं ते. एक उंदीर दुसऱ्याच्या अंगावर चढून चक्क झोपला.

काय? मग या पेपरात चौऱ्याऐंशी दिवस कसे? हेच विचारायला आलीस होय! पेढे वगैरे वरवरचं. नाही? बरं, मुलीने विचारलं म्हणून. सांगते की, त्यात लपवण्यासारखं काय आहे, छापलेलंच आहे. तू गेल्यावर तीन वर्षांनी मी पुन्हा तपासलं, आणि निघाले चौऱ्याऐंशी दिवस. मान्य केलं मी. स्वतःचं वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. किती जण खोडतात? केवढं कौतुक झालं माझं, ती भिंतीवरची ढाल बघ, 'वैज्ञानिक प्रामाणिकपणासाठी', राज्यपालांच्या हातून. तुझं नाव? तुझं नाव कशाला येईल त्यात? तुझा प्रयोग तर फसला होता, बाई. एकदा नाही, तीनदा. तुझ्या हाताने टोचलेल्या उंदरांवर अवलंबून राहिले असते तर विज्ञान बुडालं असतं. मी नव्याने केलं, माझ्या हाताने केलं, आणि अठरातले सतरा मेले अर्ध्या तासात, श्रावणातल्या त्या उकाड्यात मी एकटी पंखा बंद करून बसले होते, कारण वाऱ्याने त्यांचं तापमान—

काय झालं? अशी काय बघतेस?

श्रावण म्हणाले का मी? असेल, श्रावण दर वर्षी येतो. पेपरात काय लिहिलंय? दे इकडे. फेब्रुवारी. हो, फेब्रुवारी, बरोबर, वय झालं माझं, शहात्तरावं चालू आहे, श्रावण आणि माघ एक होतात डोक्यात — पंखा? फेब्रुवारीत पंखा कशाला बंद करीन मी. हं. भारी कान आहे ग तुझा. तेव्हा इतका तिखट असता तर!

बरं, ऐक मग. नाहीतरी तू काय करणार आहेस? ऐक. ज्या शुक्रवारी तुझे उंदीर मिशा पुसत बसले ना, ते तुझे नव्हतेच. तुझे माझ्या खोलीत होते, मागच्या, जिथे जुनी काचेची भांडी ठेवायचो. आदल्या रविवारी दुपारी मी प्राणीघरात गेले, सुट्टी होती, चिटपाखरू नव्हतं, एक दौलतसिंह तेवढा दाण्यांची पोती उतरवत होता. बारा आठवडे पाळलेले तुझे अठरा मी उचलले आणि त्यांच्या जागी तेवढ्याच वयाचे, तेवढेच पांढरे, लाल डोळ्यांचे अठरा ठेवले, ज्यांना जन्मात जंतू टोचला नव्हता. ते कशाला मरतील? तू कानाला खूण करायचीस, उजव्या कानाला एक खाच; मी पण पाडल्या. अठरा कान, स्वतःच्या हाताने, चिमट्याने. तुझ्यापेक्षा सुबक. दौलतसिंह म्हणाला, 'मैडम जी, ये तो दूसरे वाले हैं,' मी म्हटलं, 'तुम्हें ज़्यादा पता है कि हमें?' बस्स. पुढे त्याच्या मुलाला संस्थेत कायम करून घेतलं. म्हणजे चिठ्ठ्या मी तुझ्या एकटीसाठीच नाही लिहिल्या.

आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी परीक्षकांना गाडीत बसवून मी परत आले, मागच्या खोलीत गेले, आणि तुझ्या खऱ्या अठरांना मी हिस्टामिन दिलं. बघायचं होतं मला. बघायला नको? मी काही अडाणी नाही, मला माहीत करून घ्यायचं होतं. सतरा गेले. तू टोचलेले. एकाही उंदराला चुकीच्या जागी सुई नव्हती, सीमंतिनी, तुझा हात फार सुरेख होता. इतका हलका हात मी माझ्या नोकरीत दुसरा बघितला नाही.

रडणार असशील तर इथे नको रडूस, मला ते जमत नाही.

का म्हणजे? का काय का! संचालकपदाची मुलाखत होती कार्तिकात. माझं ते एक वाक्य होतं, तीन आठवड्यांचं, त्याच्यावर मी उभी होते. आमच्या आजोबांच्या हाताखाली दरबारची दप्तरं होती, आमच्याकडे माणसं उभं राहून बोलायची — आणि मला त्या संस्थेत वीस वर्षं काय ऐकावं लागलं ते तुला माहीत नाही, बायकांना उंदराची भीती वाटते ना हो, असं विचारायचे मला, सभेत, सगळ्यांसमोर. तिथून मी वर आले. आणि दौलतगंजातली भटाची पोर वही घेऊन येते आणि म्हणते मरतायत. चांगला शोध होता, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसाला लागला. एक वर्षाने आली असतीस तर मी तुझा हात धरून दिल्लीला नेलं असतं.

हो. तीनदा. दिवाळीनंतरही मीच, माघातही मीच. दर वेळी बारा आठवडे तू त्यांना दाणा-पाणी करायचीस, दर वेळी रविवारी मी बदलायचे. पहिल्या वेळीच काम झालं होतं म्हणतेस? झालं होतं. परीक्षक गेले, माझं वाक्य टिकलं, पुरे होतं तेवढं. मग दोनदा आणखी कशाला — हे मला कुणी विचारलं नाही आजपर्यंत. विचारणार कोण? पण मी विचारलंय स्वतःला. मला वाटलं होतं तू भांडशील. मला वाटलं होतं तू शनिवारी सकाळी येशील, टेबलावर हात आपटशील, म्हणशील मॅडम, हे माझे उंदीर नाहीत, कान बघा, खाच बघा, रक्त तपासा. मी उत्तरं तयार ठेवली होती, रात्रभर. आणि तू आलीस आणि काय केलंस? माफी मागितलीस. 'मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं.' हात जोडून! तुझ्या वडिलांनी धोतर कपाळाला लावावं तशी! माझ्या अंगाची आग झाली, सांगते. त्या क्षणी मी ठरवलं, हिला आणखी एकदा. बघू किती वाकते. आणि दुसऱ्यांदाही तू माफीच मागितलीस, आणि म्हणालीस, मॅडम, माझ्या हातातच दोष असेल. माघात सुई धरताना तुझी बोटं हलायला लागली होती. मी बघत होते. मी काही बोलले नाही. पुण्याला तुला देऊ केलेल्या नोकरीचं पत्र त्यांनी मागे घेतलं तेव्हाही तू मलाच येऊन सांगितलंस, आणि मी तुला पाणी दिलं.

त्या बोटांवर उपचार केलेस का कधी? जयारोग्य हॉस्पिटलला दाखवलंस? डॉक्टर म्हणाले काही नाही, मनाचं आहे. बरोबर म्हणाले.

  पुरावा? पुरावा कसला मागतेस, मी सांगतेय ना माझ्या तोंडाने! तरी लेखी हवं? काय लिहून देऊ, आणि वाचणार कोण? तू सातवीच्या मुलींना बेडूक शिकवणारी बाई, उद्या कुठे जाऊन सांगितलंस तर म्हणतील, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. संस्थेत आता उंदीरही नाहीत, हे सगळं आता पेशींवर करतात, काचेच्या ताटलीत, कुणाला मारायची गरज नाही. दौलतसिंह वारला. उंदीर तर भट्टीत गेले तेव्हाच. राहिलं काय? माझी नोंदवही. आणि ती काही मी कुणाला—

तसं नाही, खोटं मी लिहिलं नाही त्यात, एवढं तरी ऐकून घे. पिंजरे बदलले, पण नोंद खोटी केली नाही. तिन्ही वेळची तारीख आहे, कुठले अठरा उचलले, कुठले ठेवले, संध्याकाळी किती वाजता हिस्टामिन दिलं, कुठला उंदीर कितव्या मिनिटाला गेला. सतरा, अठरा, सतरा. तुझ्या नावाने आहेत ते आकडे, गटाच्या डोक्यावर सी. म्हणून लिहिलंय मी. जाळता आली असती. दहा वेळा काढली जाळायला. पण नोंद जाळायची म्हणजे — तुला कळेल, तू केलंयस हे काम — ते माणसाच्याने होत नाही.

कुठे चाललीस? स्वयंपाकघर त्या बाजूला नाही. सीमंतिनी, ते देवाचं कपाट आहे, त्यात काही — मी कुठे बघत होते? मी कपाटाकडे बघत नव्हते, मी भिंतीकडे बघत होते! बस खाली. त्याला कुलूप — विजयाबाईला शंभरदा सांगितलंय किल्ली लावून जात जा. सोवळ्याचे मुकटे आहेत त्यात आईचे, विस्कटू नकोस. खालचा कप्पा उघडू नकोस. ठेव. ठेव म्हणते ना ती वही! हे बघ, अश्लेषासाठी मी पत्र देते, छान पत्र, तिच्या गाइडला फोन करते, माझ्या शब्दाला मान आहे तिथे, पोरीचं आयुष्य बनेल. तुला काय हवं ते सांग. माझ्याकडे बघ तरी.

वाचतेस? उभ्याने वाचतेस. मोठ्याने नको. 'सी., उजवा कान, एकविसाव्या मिनिटाला' — नको म्हटलं ना मोठ्याने वाचू! अक्षर माझं आहे, मला माहीत आहे काय लिहिलंय.

घालतेस पिशवीत. घाल. चोरी आहे ही, समजतं ना? भटजींच्या मुलीने चोरी केली म्हणून सांगेन मी. आणि जा, दे वर्तमानपत्रात, संस्थेत दे, पुण्याला पाठव, दिल्लीला पाठव! येऊ दे सगळ्यांना इथे, मी देईन उत्तरं, अजून डोकं शाबूत आहे माझं, ती ढाल परत मागतील तर न्या म्हणेन, खिळ्यासकट न्या. बसवतील मला समोर, विचारतील, आणि मी एकेक गोष्ट नीट सांगेन, कुणी विचारलंच नाही इतकी वर्षं — कोण येणार आधी? कुणाला देणार आहेस?

कुणालाच नाही? म्हणजे?

फक्त मुलीला दाखवणार. बस्स? आईचा हात बरोबर होता एवढं तिला कळलं की पुरे? आणि मग? मग काही नाही? अगं पण मी — माझं नाव, ती ढाल, तो पेपर — ते तसंच राहू देणार? 'राहू द्या, मॅडम'? असं काय बोलतेस! एवढं सगळं केलं मी तुला, आणि तू काय, पोरीला दाखवून ट्रंकेत टाकणार? शिव्या तरी दे. थुंक तरी. मी चोवीस वर्षं त्या कपाटासमोर झोपतेय, आणि तू म्हणतेस—

बरं. चप्पल बाहेरच आहे तुझी. जा.

जा म्हटलं ना.